गळ्याला केंपु

न्हाणीमागच्या अळवाला हल्ली पाणी पुरत नाही. दोघांच्या आंघोळीचं पाणी जात होतं तेव्हा ते वाफ्यात मावत नसे, केळीच्या बुंध्यापर्यंत ओल असायची. आता एका माणसाच्या आंघोळीचं जातं. पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या तेव्हा मला वाटलं, कीड लागली असेल. मग लक्षात आलं. आता रोज सकाळी विहिरीचं पाणी काढून मी तिथे ओतते. अळू मला फारसं आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती जागा ओली राहायला हवी. का, ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे.

लिहिते आहे तुम्हाला आणि पाठवणार आहे नैरोबीला, आपल्या माधवकडे. निर्मलेनं आणि बापूनं त्यांच्या आजोबांना एका फोटोतच पाहिलं आहे. काळा कोट, पागोटं, आणि फोटोग्राफरनं सांगितल्यामुळे धरलेला गंभीर चेहरा. माधवचं पत्र आलं, ‘आई, बाबांबद्दल मुलांसाठी काही तरी लिहून ठेव.’ मी टेबल पुसलं, दौत भरली, आणि जन्म, शिक्षण, वकिलीची सनद असं क्रमानं लिहायला घेतलं. एका पानात संपलं. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हता. तो कागद फाडून टाकला. तेव्हा मुलांनो, मी तुमच्या आजोबांशी नेहमीसारखी बोलते. तुम्ही बाजूला बसून ऐका.

पक्ष्यांचं वेड तुमचं होतं आणि त्याचे नियम माझे. जिना चढताना तुम्हाला दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी केळगेरीच्या तळ्यापर्यंत चालायला सांगितलं. औषध म्हणून सुरू झालेलं ते चालणं लवकरच दुसरंच काही झालं. छत्री घेऊन जायचात आणि कसली कसली वर्णनं घेऊन यायचात. “एक पिवळा पाहिला. बेलिफासारखा चालतो. दोन पावलं टाकतो आणि मागे बघतो.” मी मुंबईहून पक्ष्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात चित्रं थोडी आणि मजकूर बारीक. तुमचं इंग्रजी कायद्याचं, त्यामुळे ते पुस्तक माझ्याकडे आलं. तुम्ही पाहायचं आणि मी शोधायचं, अशी वाटणी झाली.

नियम मी केला तो तुमच्या बेलिफामुळेच. ज्याला एकानं पाहिलं तो ऐकीव, आणि ज्याला दोघांनी पाहिलं तो पक्का.

“म्हणजे माझ्या घरात माझ्याच साक्षीला किंमत नाही होय?” तुम्ही म्हणालात.

“एका साक्षीदारावर तुम्ही तरी खटला उभा करता का?”

“साक्षीदार कसा आहे त्यावर असतं ते.”

“साक्षीदाराचा चष्मा कुठे आहे ते आधी सांगा.”

तो कपाळावर होता. तुम्ही खिसे चाचपलेत, खुर्चीखाली पाहिलंत, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हात वर नेलात. त्यानंतर नियम कायम झाला. दयाळ पक्का झाला, नाचण पक्का झाला, तळ्यावरचे खंडीभर पक्षी पक्के झाले. तुम्ही हाक मारायचात आणि मी हातातलं टाकून यायची. पुष्कळदा पोळी करपली. माझ्या स्वयंपाकघरात करपलेली पोळी, हे माझ्या आईनं पुण्यात ऐकलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

माधव आफ्रिकेला गेला त्याच्या पुढच्या थंडीतली सकाळ मला स्वच्छ आठवते. घरात आपण दोघंच राहिलो होतो आणि त्याची सवय अजून झाली नव्हती. चुकून मी तीन वाट्या मांडत असे. तुम्ही परसात न्हाणीमागच्या दगडावर बसून राखुंडीनं दात घासत होता. मी आत कोथिंबीर निवडत होते. तुम्ही दारात आलात ते हाक न मारता. तोंडात राखुंडी, ओठ काळे, एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवलेला. काही तरी बोललात, ते कळलं नाही. तुम्ही परत जाऊन चूळ भरलीत आणि पुन्हा आलात. हात अजून गळ्यावरच होता.

“केंपु,” तुम्ही म्हणालात. “गळ्याला केंपु.”

मी उठून गेले. अळवाची पानं हलत होती, पण ती शेजारच्या मांजरामुळे.

“चालत होता,” तुम्ही सांगत होता. “अळवाखालून आला. शेपटी वर. पावसात सोगा धरून माणसं चालतात तसा. भुवई पांढरी, मिशा पांढऱ्या, आपल्या जुन्या सबजज्जासारखा. उन्हाच्या तिरिपेत येऊन थांबला, मान वर केली आणि गळा...” इथे तुम्ही थांबलात. “आणि गात होता गं. चोच मिटलेलीच. आतल्या आत. स्वतःपुरतं.”

“केंपु म्हणजे लाल ना?” मी विचारलं.

“लालच की.” मग थोडं थांबून, “पण लाल म्हणजे...”

“लाल म्हणजे काय?”

“केंपु गं.”

कोर्टात ज्यांना शब्द कमी पडल्याचं कुणी ऐकलं नाही, ते तुम्ही आपल्याच परसात हात हलवत उभे होता.

मुलांनो, इथे तुम्हाला एक सांगायला हवं. तुमच्या आजोबांच्या घरात मराठी बोलत, पण दारात, गल्लीत, विहिरीवर कन्नड. त्यांना दोन्ही भाषा एकाच वेळी आल्या आणि बोलताना कोणती चालू आहे हे त्यांना ठाऊकही नसे. मी पुण्याहून लग्न होऊन आले. माझी कन्नड बाजारातली, त्यांची पाळण्यातली. केंपु म्हणजे लाल, हे मी इथे आल्यावर पहिल्याच दिवसांत भाजीवालीकडून शिकले. लाल मिरची ती केंपु, लाल लुगडं ते केंपु. त्या शब्दात आणखी काही असेल असं मला का वाटावं?

तुम्ही आठवडाभर तिथे चहाचा पेला घेऊन उभे राहिलात. तो पुन्हा आला नाही. मग तुम्ही हट्ट धरलात की मुंबईच्या जाणकारांना पत्र लिही. तुम्ही सांगत गेलात, मी इंग्रजीत लिहीत गेले. पत्र कसं असावं हे मला शाळेत शिकवलं होतं: मुद्देसूद, थोडक्यात, पाल्हाळ नाही. चिमणीएवढा, अंगानं मातकट, गळा लाल, धारवाडात बागेत दिसला. सबजज्जाच्या मिशा इंग्रजी पत्रात कशा घालणार? धोतराचा सोगा तर नाहीच. नेहमीप्रमाणे पाकीट बंद करण्याआधी तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

“बरोबर आहे,” तुम्ही म्हणालात. “पण तो यात नाही.”

“मग काय घालू?”

“काय की,” म्हणालात आणि हात झटकलात. “टाक पोस्टात.”

उत्तर सभ्य आणि आखूड होतं. हा लाल गळ्याचा माशीमार, थंडीत बागांमधून सर्रास येतो, पत्राबद्दल आभार. आणि तसा माशीमार येतोही आपल्याकडे. त्याच आठवड्यात आंब्याच्या खालच्या फांदीवर बसलेला मी तुम्हाला दाखवला. इवलासा, गळ्याला नारिंगी डाग, शेपटीला सारखे झटके.

“हा बघा तुमचा. आता दोघांनी पाहिला. पक्का.”

तुम्ही बराच वेळ पाहिलंत. चष्मा नीट पुसून पाहिलंत. “तो नव्हे,” म्हणालात.

तिथून आपलं ते भांडण सुरू झालं आणि ते दर थंडीत पाहुण्यासारखं येत राहिलं. माशीमार दिसला की मी म्हणायची, “अहो, तुमचे अशील आलेत.” तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचात, “मी त्याचं वकीलपत्र घेतलेलं नाही.” कधी मी म्हणायची, “मुंबईचे लोक चुकले आणि तुम्ही बरोबर?” तुम्ही म्हणायचात, “मुंबईचे लोक अळवापाशी नव्हते.” हसून बोलायचो आपण. पण एकदा तुम्ही हसला नाहीत. “तुला वाटतं मला दिसत नाही,” म्हणालात, आणि उठून आत गेलात. त्या दिवसानंतर मी तुमचे अशील आले तरी तुम्हाला सांगत नव्हते. तुम्हालाही ते दिसत होते, हे मला माहीत होतं. आंब्यावर तो बसायचा आणि आपण दोघंही दुसरीकडे बघायचो.

अळणावर गावचा तो दिवस आठवतो ना? लाकडाच्या एका खटल्यासाठी तुम्हाला तिथे जायचं होतं आणि तुम्ही मला म्हणालात, “चल, डबा घेऊन चल.” काम लवकर आटोपलं. परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनाजवळ सागाचे ओंडके रचून ठेवले होते, तिथे आपण दशम्या आणि शेंगांची चटणी सोडून बसलो. तुमच्या ओळखीचे जंगलखात्यातले एक निवृत्त गृहस्थ आले होते. त्यांना तुम्ही विचारलंत, गळा लाल असलेला, जमिनीवर चालणारा असा कुणी या रानात आहे का. त्यांनी ओढ्यापाशी नेऊन शीळ घालणारा काळानिळा पक्षी दाखवला, रानातले दोन-तीन आणखी दाखवले. तुम्ही प्रत्येकाला नमस्कार केल्यासारखी मान हलवलीत. गृहस्थ गेल्यावर म्हणालात, “इथं रानात नाही, तर आपल्या अळवात कुठून आला असेल तो?”

“वाट चुकला असेल.”

“मग गात कुणासाठी होता? इथं त्याच्यासारखा दुसरा नाही.”

तुम्ही चटणीचं बोट चाटलंत आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, “तूही तशीच की. पुण्याची, इथं धारवाडात.”

थट्टाच होती. पण त्याला उत्तर द्यायचं राहिलं, कारण गाडी आली. माझं उत्तर असं होतं: मी वाट चुकून आले नव्हते. पहिली काही वर्षं तसं वाटायचं, हे खरं. विहिरीवरच्या बायका हसल्या की त्या मलाच हसतात असं वाटायचं. संध्याकाळी तुम्ही कोर्टातून आलात की मी इतकं बोलायची की तुम्ही जोडे काढायचे विसरायचात. दिवसभराचं मराठी मी तुमच्यासाठी साठवून ठेवत असे. तेव्हा माझ्यासारखा दुसरा नाही असं म्हणू नये. ऐकणारा होता. हे मी त्या ओंडक्यावर बसून म्हणायला हवं होतं. आता दिवसभराचं साठतं आणि संध्याकाळी तसंच राहतं. मला बोलायला हवं असतं तेही फार मोठं नसतं. दूधवाल्यानं आज पाणी कमी घातलं. फाटकाची कडी सैल झाली. एवढंच.

तुम्ही गेलात ती दुपार मी इथे लिहिणार नाही. माधवला कळवलंच आहे, आणि युद्धामुळे ते पत्र पोचायला इतके दिवस लागले की आफ्रिकेत तुम्ही इथल्यापेक्षा पुष्कळ जास्त जगलात.

दिवस झाल्यावर सगळे परतले, अक्का तेवढ्या मागे राहिल्या. मुलांनो, अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. हुबळीला लॅमिंग्टन रोडजवळ त्यांच्या घरच्यांचं कापडाचं दुकान आहे. वय झालं, तरी गल्ल्यावरच्या माणसाला त्यांच्या आवाजाची भीती वाटते. आजोबांचं नाव सरळ घेणारं माणूस घरात त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. शीनू म्हणायच्या. मी लग्न झाल्यापासून ‘हे’ म्हणत आले. पुण्याला इंग्रजी शिकलेली मी, पण नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं सांगितलेलं मनातून गेलं नाही. खरं मानत होते असं नाही. पण असल्या बाबतीत उगाच परीक्षा कशाला पाहायची?

निघायच्या आदल्या दुपारी अक्कांनी कमरेची पिशवी सोडली आणि कापसात गुंडाळलेलं काही तरी माझ्या हातावर ठेवलं.

“आमच्या अव्वाची मुगवट. मला दिली होती. माझ्या सुना नाकात काही घालेनात. निर्मलेला ठेव.”

अव्वा म्हणजे तुमची आई. मी त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही लहान असतानाच त्या गेल्या, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल कधी बोलला नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मुगवट म्हणजे नाकातली चमकी. हिच्यात एकच खडा होता, जुना, काळपट.

“घासायला द्यायला हवी,” मी म्हणाले. “खडा काळा पडलाय.”

“काळा? पुणेकरीणबाई, डोळे तपासून घे. उजेडात ने की.”

मी खिडकीपाशी नेली. ऊन पडलं, आणि खडा आतून पेटला.

“नोड, बघ,” अक्का म्हणाल्या. “काळा म्हणे. केंपु आहे तो.”

“लाल दिसतोय खरा.”

“लाल कोण म्हणतंय? लाल मिरची असते. हा केंपु. तुम्ही काय म्हणता तिकडं, माणिक.”

मी तशीच उभी राहिले. अक्कांना वाटलं मला बरं वाटत नाही. त्यांनी हाताला धरून बसवलं.

“केंपु म्हणजे माणिक?”

“मग? लालही केंपु, माणिकही केंपु. इतकी वर्षं इथं राहून तुला कुणी सांगितलं नाही होय?” मग त्यांचा आवाज उतरला. “आमच्या शीनूला तर भारी वेड होतं त्याचं. अव्वाच्या मांडीवर पडून तेच बघायचा. सैपाकघरात काळं दिसायचं. ती भांडी घासायला मागच्या अंगणात उन्हात आली की पेटायचं. तो ओरडायचा, केंपु आला, केंपु आला. खडा कुठं जाऊन येतो असं वाटायचं त्याला. अव्वा गेली तेव्हा काढून ठेवली ती. पुन्हा बघायला मागितली नाही त्यानं.”

“यांनी मला कधी सांगितलं नाही.”

“मला तरी कुठं सांगितलं? मी बघत होते म्हणून माहीत.”

संध्याकाळी अक्का झोपाळ्यावर पेंगत असताना मी पुस्तक काढलं. पूर्वी सूचीत मी ‘रेड’नं सुरू होणारी सगळी नावं पाहिली होती, एकेक पान उघडून. माझं काम चोख होतं. ‘रुबी’ तिथून बोटभर खाली होतं. रुबी-थ्रोट. माणकासारखा गळा. भुवई पांढरी. गालाखाली पांढरी रेघ. जमिनीवर राहतो, झुडपाखाली, ओलीपाशी. शेपटी वर करून चालतो. गळा सावलीत काळपट, उन्हात एकदम उजळतो. थंडीत कधी कधी हलक्या आवाजात गुणगुणतो. उत्तरेकडून येतो, हिवाळा बंगालमध्ये आणि आसामात काढतो. धारवाडचं नाव नाही. जवळपासचंही नाही.

चूक कुणाची? ‘केंपु म्हणजे लाल ना’ असं विचारणारीची, की ‘लालच की’ म्हणणाऱ्याची? या एका मुद्द्यावर आपलं भांडण आणखी दहा थंड्या पुरलं असतं. मी म्हणाले असते, तुम्ही माणिक का म्हणाला नाहीत? तुम्ही म्हणाला असतात, माणिक पोथीतलं, आमच्या घरातला तो केंपु. मी म्हणाले असते, मग आईची गोष्ट सांगायची होती. आणि तुम्ही वर्तमानपत्र उघडलं असतंत. भांडणाच्या दोन्ही बाजू आता मलाच बोलाव्या लागतात. त्यात तुमची बाजू मी जरा जास्तच चांगली मांडते.

मी मुंबईला पुन्हा लिहिलं. या वेळी माणिक घातलं, अळू घातलं, ऊन घातलं. उत्तर आलं ते दुसऱ्या कुणाचं होतं, आणि आखूड नव्हतं. वर्णन रुबी-थ्रोटशी जुळतं, पण हा पक्षी इतक्या खाली, आपल्या बाजूला आल्याचं त्यांच्याकडे कुठे नाही. तेव्हा पाहणाऱ्याला विचारून कळवावं: चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा होत्या का, कुठे, फांदीवर होता की जमिनीवर, शेपटी कशी धरली होती. आणखी कोणी पाहिला का. आणि नोंद करायची झाल्यास पाहणाऱ्याचं पूर्ण नाव.

पाहणाऱ्याला विचारून. त्यांची चूक नाही. मी पत्रात ‘माझे यजमान’ एवढंच लिहिलं होतं. कैलासवासी लिहिलं नव्हतं. पक्ष्याच्या पत्रात ती माहिती कुठे बसवायची ते मला समजलं नाही.

कागद घेऊन मी परसात त्या दगडावर जाऊन बसले. या थंडीत तो आलेला नाही. येईल असं मी धरूनही चालत नाही. वाट चुकलेला जीव पुन्हा त्याच ठिकाणी का चुकेल? तरी अळू ओलं ठेवते. आंब्यावर तुमचे अशील आले होते, शेपटीला झटके देत होते. त्यांना म्हटलं, बसा.

मग तुम्हाला विचारलं. रेघा होत्या का? तुम्ही म्हणालात, भुवई पांढरी, मिशा पांढऱ्या, जुन्या सबजज्जासारखा. फांदीवर की जमिनीवर? चालत होता, अळवाखालून आला. शेपटी? पावसात सोगा धरतात तशी. सगळी उत्तरं तुम्ही त्याच सकाळी देऊन ठेवली होती, तोंडाला राखुंडी असताना. मी ती पाल्हाळ म्हणून गाळली होती, पण फेकली नव्हती. माझ्याकडे वस्तू जागच्या जागी असतात.

या वेळी मी सबजज्जाला इंग्रजीत घातलं. सोगासुद्धा घातला. धोतराचा सोगा म्हणजे काय हे सांगायला एक सबंध वाक्य खर्ची पडलं. ते तुम्हाला ऐकवायला मजा आली असती.

राहिला प्रश्न, आणखी कोणी पाहिला का. नियम माझाच. एकानं पाहिलेला तो ऐकीव. तो मी तुमच्यासाठी मोडणार नाही. मोडलेला तुम्हालाही चालला नसता, तुम्ही म्हणाला असतात, दया नको, निकाल दे. बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, की पक्षी मी पाहिला नाही. पण तो पाहून आलेला माणूस मी पाहिला आहे. तो दारात उभा होता, त्याचा हात गळ्यावर होता, आणि त्याचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्या चेहऱ्याची साक्ष मी देते. मुंबईकर ती मानतील की नाही, ठाऊक नाही. आपल्या घरात दोन साक्षी झाल्या. पक्का.

निर्मले, मुगवट पोस्टानं पाठवत नाही, युद्धात बोटी बुडतात. तू येशील तेव्हा ती कपाटात डाव्या हाताच्या खणात असेल, कापसात. बाहेर काढलीस की खडा काळा वाटेल. परसात नेऊन बघ.

मुंबईचं पत्र पुरं झालं, तेव्हा सवयीनं वाचून दाखवायला बसले. तुमच्या खुर्चीसमोर नाही, मला तसलं काही जमत नाही. इथेच अळवापाशी, उभ्यानं. माणिक वाचलं, मिशा वाचल्या, सोग्याचं लांबलचक वाक्य वाचलं. शेवटी पाहणाऱ्याचं पूर्ण नाव होतं. लिहिताना हात अडला नव्हता, वाचताना जीभ अडली. विहिरीवर एक बाई घागर भरत होती, ती भरून जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, आता कशाला थांबायचं? आता कमी होण्यासारखं काही राहिलेलं नाही.

श्रीनिवास, मी म्हणाले. आणि मला वाटलं त्यापेक्षा ते मोठ्यानं आलं.